बंधाऱ्याची फळी आणि दोन सख्खे भाऊ

मंडळी, आज बंधाऱ्यावर जे घडलं ते लिहितो.

आमच्या मुदखेडकडच्या बंधाऱ्याच्या पाणी अडवायच्या फळ्या लई दिवसांत काढल्या नाहीत. पाणी तुंबून काठच्या गायरानात खार फुटला, म्हशींचं गवत जळालं. फळ्या काढल्यावर खार धुऊन जातो का, हे बघायला आज सकाळी पाटबंधारे खात्याचे साहेब आले होते.

फळी उचलायला दोन्ही टोकांना माणूस लागतो. आजवर एका टोकाला नागनाथ, दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ शिवा. आज शिवासोबत मी होतो, कारण तुंबलेल्या पाण्यावर नागनाथची उसाची मोटार चालते, म्हणून तो फळी काढू द्यायला तयार नव्हता.

नागनाथ पहार घेऊनच आला. "शिव्या, फळीला हात लावू नको. माझा ऊस वाळंल."

"अन् दादा, माझ्या म्हशींनी काय मीठ चाटावं?"

शिवानं फळीचं आपलं टोक उचललं, तशी नागनाथनं पहार त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शिवानं दुसऱ्या हातानं दगड उचलून दादाचं तोंड फोडलं. दोघं पाण्यात पडले, तिथंही एकमेकांचे गळे सोडेनात. आम्ही केसांना धरून ओढून काढलं.

आता दोघं नांदेडच्या दवाखान्यात, शेजारच्या खाटांवर आहेत. फळी तिरपी अडकलीय, बसेना की निघेना.

जाताना साहेबांनी मला विचारलं, "आजोबा, गवत परत येईल ना?"

"खार धुतला की येईल, सायेब. पण फळीचं दुसरं टोक आता कोण धरणार?"

तेच तुम्हाला विचारतो. तुमच्या गावात भाऊ भावावर उठला, तर मधे कोण पडतं?