दोन शेरांचा दाब

परवा ठाण्यात सोनाराच्या दुकानी भात्याच्या तापल्या चामड्याचा वास आला आणि मला वीस वर्षांपूर्वीची कल्याणची एक दुपार आठवली.

आमची मुलगी यमू सहाव्या वर्षी देवीच्या आजाराने गेली. गणपती घडवणाऱ्या राघोबांकडून मी तिचा मातीचा चेहरा करून घेतला. राघोबा पातळ रंग तोंडाने फुंकून, दोन बारीक नळ्यांतून उडवीत. माणसाचा श्वास कमीजास्त होतो, म्हणून मी फुंकायच्या नळीला भाता जोडला आणि सारखा दाब राहावा यासाठी भात्यावर वजन ठेवले. आधी कागदावर पाहिले. एका शेराच्या वजनाला रंग धुक्यासारखा बसे, दोन शेरांना झटकन भरे.

“रावसाहेब, गालावर एकच शेर ठेवा,” राघोबा म्हणाले. “कागद रंग पितो. हा अस्तर दिलेला गाल नाही प्यायचा.”

पण पत्नी पाहायला यायची वेळ झाली होती. मी दुसरा शेर ठेवला. रंग जोराने आला, डोळ्याखाली साचला आणि हनुवटीपर्यंत ओघळला.

“झालं समाधान?” म्हणत राघोबांनी फडके उचलले. तेवढ्यात पत्नी दारात आली.

“पुसू नका हो,” ती म्हणाली. “शेवटच्या दिवशी अश्शीच रडत होती. तुम्ही कचेरीत होता.”

मला तो टोमणा वाटला. कित्येक महिने मी त्या चेहऱ्याकडे पाठ करून जेवलो. यमूचे ते रडणे त्या दुपारपर्यंत तिने एकटीने सांभाळले होते, हे मला आत्ता कळते.