क्लबची पाटी आणि शेठचे तीन खलाशी

आमच्या मोहल्ल्यातल्या फुटबॉल क्लबचा मी सात वर्षं सेक्रेटरी होतो. तो बुडवला कोणी, असं कोणी विचारलं तर मी आता दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. आधी दाखवायचो.

क्लबचा कायदा जुन्या माणसांनी घालून दिलेला. शुक्रवारी आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत. म्हणून गुरुवारी परतलेली प्रत्येक होडी बंदरावर एक पाटी मासळी क्लबच्या नावाने बाजूला काढायची. तिचा लिलाव व्हायचा आणि येईल त्यातच बूट, गोलची जाळी, एसटीचं भाडं भागवायचं. कुणा एकट्याचे जास्त पैसे घ्यायचे नाहीत, मग तो कितीही मोठा शेठ असो. ‘ज्याचा पैसा त्याचा बॉल,’ असं म्हातारे म्हणायचे. मला हे सगळं भिकारडं वाटायचं. दरवर्षी दुसऱ्या फेरीत मार खायचा आणि वर ह्यांचं शहाणपण ऐकायचं!

दोन हजार सालच्या आसपास आखातातून परतलेल्या एका शेठने ट्रॉलर घेतला, मग क्लबही मागितला. त्याला मुंबईहून तीन खेळाडू आणायचे होते, एक गोली आणि दोन फॉरवर्ड. मी कायदा सांगितला तर हसला.

“क्लबच्या पैशाला हात कोण लावतोय? तिघांना माझ्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून दाखवतो. त्यांचं काय ते ट्रॉलर बघेल.”

मी खूश. स्पर्धेत बाहेरचे खेळाडू चालत नसत, पण इथल्या होडीवरचा खलाशी इथलाच. मी माझ्या हाताने तिघांची नावं यादीत लिहिली आणि कमिटीतल्या म्हाताऱ्यांना ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणून गप्प बसवलं.

त्याच ट्रॉलरवर माझा मोठा भाऊ खलाशी होता आणि बारा वर्षं क्लबचा गोलीही तोच. त्याला बाहेर बसायला मीच सांगितलं. “बरं,” एवढंच म्हणाला आणि हातमोजे माझ्याकडे दिले.

आता होडीवर पगार नसतो, वाटा असतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. डिझेल, बर्फ आणि मालकाचा हिस्सा काढला की उरेल ते खलाशांत डोईमागे वाटतात. आठ डोयांच्या अकरा झाल्या. शेठ तिघांचं आपल्या हिश्श्यातून देईल, असं मी धरून चाललो. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

पहिल्याच वाटपानंतर भाईजानने मला आपल्या घरी बोलावलं.

“तिघं जाळ्याला बोट लावत नाय आणि वाटा पुरा घेतात. तू सांग शेठला.”

“फायनलपर्यंत कळ काढ ना, भाईजान.”

भाभी तिथेच मासे कापत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

कप आला. बंदरावर फटाके वाजले. त्या ट्रॉलरचा एकही खलाशी तिथे नव्हता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी शेठच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढून घेत होतो. थू माझ्या जिंदगीवर!

पावसाळ्यात शेठने ट्रॉलर विकला आणि परत आखातात गेला. तिघं मुंबईला गेले. नव्या हंगामात गुरुवारी मी पाट्या घेऊन बंदरावर उभा राहिलो. एकेक होडी लागली, माल उतरला, कुणी माझ्याकडे बघेना. शेवटी एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, शांतपणे म्हणाला, “गेल्या साली आमच्या माणसांच्या ताटातून घेतलास ना? झाला मग.” रिकाम्या पाट्या एकात एक घालून मी सरळ भाईजानकडे गेलो.

तो अंगणात जाळं शिवत बसला होता.

“भाईजान, तू गोलमध्ये उभा राहा. तुला बघून पोरं येतील, तांडेलही पाटी देतील. नायतर क्लब संपला.”

“किती देणार?”

मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही.

“बारा वर्षं फुकट खेळलास आणि आता पैसे मागतोस?” माझा पारा चढला. “सख्ख्या भावाकडे?”

त्याने दाताने दोरा तोडला.

“माझ्या वाट्यातले कापले कुणी? सख्ख्या भावानेच ना?”