नदी नसलेल्या देशातली पाहुणी

कोरेगावच्या हायस्कुलात मी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, पण माल्टा कधी शिकवला नाही. एकदा एका मुलीनं नकाशातल्या इटलीखाली बोट ठेवून विचारलंही होतं, "सर, हा देश हाय का माशीनं घाण केलीय?" मी म्हणालो, "परीक्षेला येत नाही. पुढं चल."

पुढं माझीच लेक मिरजेला नर्सिंग शिकली आणि तिला नोकरी लागली ती नेमकी माल्टात. शेजारचे निवृत्त सुभेदार पेढा तोंडात टाकत म्हणाले, "मालदा व्हय? बंगालात. तिथला आंबा लय झकास." हा निराळा देश आहे, असं मी समजावलं. "आसंल," ते म्हणाले, "पर आंबा खायला सांगा पोरीला."

निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको दोन महिने लेकीकडं राहायला गेलो. रोज एक भाग बघायचा असं मी ठरवलं होतं. चार दिवसांत देशच आटोपला. आमच्या तालुक्यात असे दोन देश बसतील आणि वर बाजाराला जागा उरेल. रेल्वे नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, बारमाही नदी तर एकही नाही. एकदा बसमध्ये मला डुलकी लागली. जागा झालो तर ड्रायव्हर खांदा हलवत होता आणि समोर समुद्र होता. देश संपला होता. मात्र मोटारी इतक्या, की साखर कारखान्याच्या गेटावर सीझनमध्ये उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते तशी गर्दी गल्लोगल्ली. जायचंय कुठं, हे मात्र कुणालाच विचारायची सोय नव्हती.

लेक ज्या घरात भाड्यानं राहायची त्याची मालकीण खाली राहायची. सत्तरीची, एकटी, माझ्यासारखीच निवृत्त शिक्षिका. पाण्याच्या बाबतीत बाई फार कडक. वरचा नळ टपटपला की पाना घेऊन जिना चढून यायची. त्यांच्याकडं समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करून नळाला सोडतात, त्यामुळं असेल. लेक तिला मावशी म्हणायची.

एका रविवारी मावशी आम्हाला मुद्दाम त्यांची नदी दाखवायला घेऊन गेली. बघतो तर ओढा.

बायकोनं मला मराठीत विचारलं, "ह्यात एक म्हैस तरी बसंल का?"

"काय म्हणतायत त्या?" मावशीनं इंग्रजीत विचारलं.

"फार सुंदर आहे म्हणते."

मग मला राहवेना. मी कृष्णा काढली. कोरेगावजवळच्या आमच्या गावाशेजारून कशी वाहते, पात्र केवढं, पुढं समुद्राला मिळेपर्यंत किती राज्यं भिजवते, सगळं सांगितलं. मावशीचे डोळे मोठे झाले. "मग तुमच्या नळाला चोवीस तास पाणी असेल!"

आमच्या नळाला दोन दिवसांआड चाळीस मिनिटं पाणी येतं. पण परमुलखात, ओढ्याकाठी, देशाची अब्रू एकट्या भूगोलाच्या मास्तरावर आलेली. "असतं की," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की नंतर तिला काही बोलायची गरजच पडली नाही.

डिसेंबरात लेकीचा फोन आला. "बाबा, सुट्टीला येतेय. मावशीपण येतायत. त्यांना कृष्णा बघायचीय."

मी सरपंचबाईंकडं गेलो. त्या माझ्याच विद्यार्थिनी. सगळं ऐकून म्हणाल्या, "वर्गात खोटं बोललं की तुमी छडी मारायचा, सर." मी खाली बघितलं. मग त्यांनाच दया आली. "पाहुणी हाय तवर सोडते चोवीस तास पाणी. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. पर नंतर मला कुनी बोलायचं न्हाई."

पाणी सोडणारा माणूस शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "आवं सर, व्हॉल्व्ह फिरवाय काय लागतंय? पर गावातल्या नळांचं काय?"

"त्यांचं काय?" म्हणून मी निघूनही आलो.

पाहुणी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळ सोडला, भळाभळा पाणी आलं, बाई खूश. मग तिला गाव दाखवायला बाहेर पडलो आणि पाणीवाला काय सांगत होता ते मला कळलं. आमचा सोडून गल्लीतल्या एकाही नळाला तोटी नव्हती. कशाला असेल? पाणी आपलं आपण येतं, आपलं आपण जातं, मधे तोटीचं काय काम? पण आज ते जाईना. गटारं भरून रस्त्यावर लोट चालले होते. कुणी म्हशी धुतल्या, कुणी मोटारसायकली, कुणी भिंती. सुभेदार पाइप घेऊन डांबरी रस्ता धूत होते.

मावशी पहिल्या नळाजवळ गेली आणि तिनं नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. बाही कोपरापर्यंत भिजली. "हा बंद कसा करायचा?"

"बंद होत नाही," मी म्हणालो. "आपोआप जातो."

"कधी?"

मग मी सगळं सांगून टाकलं. तिसऱ्या बाकावरच्या पोरासारखा उभा राहून.

ती रागावली नाही. तोट्या कुठं मिळतात एवढंच तिनं विचारलं. सुभेदारांच्या स्कूटरवर मागं बसून ती कोरेगावला गेली आणि पिशवीभर प्लास्टिकच्या तोट्या घेऊन आली. पाना तिनं घरूनच आणलेला होता. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीचे सगळे नळ बंद. टाकी मात्र दुपारीच कोरडी पडली होती. पुढं चार दिवस गावाला थेंब नाही. बायकांनी माझं नाव काढून जे काही म्हटलं, ते लेकीनं मावशीला भाषांतर करून सांगितलं नाही.

त्या चार दिवसांत सगळं गाव धुणी घेऊन नदीवर. मावशीही आली. पात्राकडं कितीतरी वेळ बघत, पाय पाण्यात सोडून बसली. मग म्हणाली, "मीही तुम्हाला पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. ती आमची नदी पाऊस पडून गेल्यावर आठ दिवसच असते. एरवी तिथं गाड्या लावतात." माझी बायको इतकी हसली की हातातलं लुगडं वाहून चाललं होतं.

मावशी गेल्यावर पंधरा दिवसांनी बुद्धविहारापलीकडच्या वस्तीतली एक बाई आमच्या दारात आली. पाइपलाइनचं शेवटचं टोक तिच्या घराशी. "सर, आमच्याकडं पाणी चढाय लागलंय," म्हणाली. "तुमच्या गल्लीचे नळ बंद हुतात म्हणून. आजवर आमी तुमच्या गल्लीमागच्या हिरीवरनंच भरत हुतो की."

चहाला बोलावलं तिनं. मी गेलो. नळाखाली पितळी घागर होती. भरली तशी तिनंही नवी बसवून घेतलेली तोटी फिरवून बंद केली. त्या वस्तीतल्या कितीतरी मुलांकडून मी कृष्णेच्या उपनद्या पाठ करून घेतल्या होत्या. त्यांच्या नळाला पाणी येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.