जस्ताच्या गोळ्या

मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांत लिहिते आहे. शिक्षण माझं चौथीपर्यंतचं. चार माणसांत मला बोलता येत नाही.

आमचे हे अकरा वर्षं कुपवाडला प्लेटिंगच्या कारखान्यात आहेत. लोखंडी बोल्ट तारेला अडकवून कॅडमियमच्या टाकीत बुडवायचे, म्हणजे ते गंजत नाहीत. गेल्या वर्षी कारखान्यात सगळ्यांची लघवी तपासली. टाकीवर सहा माणसं. त्यांतल्या पाच जणांच्या लघवीतून प्रथिनं जातात, कॅडमियमनं किडनीला इजा होते आहे, असं निघालं. पाचांत हे होते. सहावा ठणठणीत. आठवड्यानं शेटनी त्या पाचांना गोळ्यांची पाकिटं दिली.

“कसल्या ह्या?” मी विचारलं.

“जस्ताच्या. किडनीला राखत्यात म्हणं.”

“जस्त? बादलीला लावत्यात त्ये? आन् पोटात घ्यायचं?”

“शेटनी दिल्यात. तुला लय शंका.”

शंका होतीच. अकरा वर्षांत टाकीवर धूर ओढणारा पंखा बसवला नाही, हातमोजे मागून मागून मिळायचे, आणि गोळ्या मात्र न मागता घरपोच? पुढच्या तपासणीत नुसता कागद चांगला यावा म्हणून हे औषध असेल, असं माझ्या मनानं घेतलं. सहाव्याचाही संशय आला. एकाच टाकीवर काम, मग तोच कसा वाचला? तो शेटचा माणूस असणार, त्याला आधीच काहीतरी ठाऊक असणार. त्याची बायको बाजारात दिसली की मी भाजी बघत राहायची.

हे हातावर ठेवलेली गोळी न बघता गिळतात. मुलीच्या बाळंतपणातल्या कॅल्शियमच्या गोळ्या घरात उरल्या होत्या, त्यांतली रोज एक देत राहिले. जस्ताची पाकिटं पोह्यांच्या डब्यात खाली दाबून ठेवली.

दीड महिन्यानं संध्याकाळी मोजे काढताना यांच्या घोट्यावर खोल वळ दिसला. बोट दाबलं तर सुजेत खड्डा तसाच राहिला. मग मात्र माझा धीर सुटला. पाकिटं रुमालात बांधली आणि यांना सांगलीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्या तरी कसल्या आहेत, ते कळेल म्हणून.

बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. म्हणाल्या, “जस्तच आहे. शरीराला कॅडमियम आणि जस्त सारखीच वाटतात. जस्त पुरेसं असलं की कॅडमियमला जागा कमी मिळते. त्यानं किडनी काहीशी वाचते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसात किती, ते छातीठोकपणे सांगता येत नाही. आधीच साठलेलं तर ते बाहेर काढत नाही. किती दिवस घेताय?”

“दीड म्हैना. एक दिवस चुकवली न्हाई,” हे म्हणाले.

“पाकिटं तर भरलेली आहेत.”

मला सांगावंच लागलं. “म्या दुसऱ्या दिल्या. कॅल्शमच्या.”

हे माझ्याकडं बघतच राहिले. “बाळंतिणीच्या गोळ्या चारल्यास व्हय मला?”

बाईंना हसू आलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. मग त्यांनी तंबाखूचं विचारलं.

“खातो की. च्याच्या वक्ताला टाकीजवळच मळतो, पाचांची एकदमच. माझ्या हातचीच लागती सगळ्यांना.” हे जरा ऐटीतच बोलले.

“हात धुता आधी?”

यांनी तळहाताकडं बघितलं.

“आन् त्यो सहावा?” मी विचारलं. आपणहून बोललेलं तेवढंच.

“त्यो तंबाखूला शिवत न्हाई.”

बाई म्हणाल्या, तंबाखूतही मुळात थोडं कॅडमियम असतं, वर टाकीवरचा हात. अशानं जस्ताची गोळी किती पुरी पडणार? तंबाखू बंद, हात धुतल्याशिवाय काही तोंडात नाही, आणि पंखा हवाच.

येताना गाडीवर कुपवाडच्या वळणावर हे म्हणाले, “चौघांला मीच चारलं गं.” ज्या माणसावर मी दीड महिना डूख धरला, तो नुसता यांच्या तळहातावरचं खात नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी यांनी चौघांना सगळं सांगितलं आणि सहाही जण शेटपुढं उभे राहिले. शेट “बघू” म्हणाले. गोळ्या आठवड्यात आल्या होत्या, पंखा अजून आलेला नाही. तेवढी शंका माझी मी ठेवली आहे.

घोट्यावर वळ अजून उमटतो. तपासणी पुढच्या महिन्यात आहे. जेवण झालं की मी पाकीट घेऊन बसते. आता हे ते हातातून ओढून घेतात, उजेडात धरून वाचतात. “हीच न्हवं? का परत बाळंतिणीची?”

मी हसत नाही. आधी यांचा तळहात नाकाशी धरते. चुन्या-तंबाखूचा वास आला नाही, तरच गोळी त्यावर ठेवते.