लाभ, दोन, तीन

माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा मी एका बाईवर जळत होते, आणि ती बाई फोनमध्ये राहायची.

मखमलाबाद शिवारात आमचा झेंडू. सकाळी फुलं खुडायला लागलं की मुलीच्या हातात फोन द्यावाच लागे, नाहीतर ती सरीत शिरून कळ्या तोडायची. फोन मीच दिला, हे कबूल. पण पंधरा दिवसांत पोर रंग शिकली, आकार शिकली, आणि मी हाक मारली की म्हणायची, "थांब ना आई, बाई शिकवतीय." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. जन्म मी दिला आणि ही आयत्या बिळावर नागोबा! आवाज तरी केवढा गोड मेलीचा. पोरीचं बोट चुकीच्या रंगावर पडलं की म्हणायची, "चुकलं तरी चालतं. पुन्हा करू या हं."

एक दिवस पोर फुलांचे क्रेट मोजायला लागली. "एक, दोन, तीन..." मला आयतीच संधी मिळाली. आमच्यात माप मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. धान्याची पायली असो नाहीतर फुलांचा क्रेट, लाभ, दोन, तीन.

"तुझ्या बाईला काय येतंय? एक नाय म्हणायचं, लाभ म्हणायचं," मी बजावलं. ती चुकली की ओरडायचे. एकदा पाठीत धपाटाही घातला. चार दिवसांत तिच्या तोंडी बसलं, आणि मला गड जिंकल्यासारखं झालं.

शाळेच्या प्रवेशाला गेलो तेव्हा मॅडमनी तिच्यापुढे मणी ठेवले. "मोज बरं बाळा."

"लाभ, दोन, तीन," पोरीने खणखणीत सुरुवात केली.

"एक कुठे गेला? घरी कोणी शिकवलं नाही का?" मॅडम हसल्या. मी मान खाली घातली. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईच्या लाडिक सुरात एकपासून वीसपर्यंत म्हणून दाखवलं. प्रवेश झाला. येताना रिक्षात मी तिच्याशी धड बोललेही नाही. कष्ट माझे आणि मान त्या बाईला, एवढंच डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी पोर ओट्यावर फोन घेऊन बसली होती. बाईने एक म्हटल्याबरोबर तिने तिला अडवलं. "एक नाय बाई. आधी लाभ. माझ्या आईला इचार."

मला एकदम भरून आलं. फोन थोडाच ऐकतोय, बाईने पुन्हा एकच म्हटलं. आता ही ओरडणार, माझ्यासारखी धपाटा घालणार, म्हणून मी दारातून बघत राहिले. काचेवरून हळूच हात फिरवत पोर बाईला म्हणाली,

"चुकलं तरी चालतं. पुन्हा करू या हं."

हे तिला मी शिकवलं नव्हतं.