चाचीच्या शेजारचा ठिपका

मी डोळ्यांच्या हालचालींवर संशोधन करतो. म्हणजे लोक कुठे बघतात, ते बघत बसतो. माझी बायको याला कामधंदा मानत नाही.

गेल्या दिवाळीत श्रीवर्धनला घरी गेलो, तर शेजारच्या चाचीने बोलावून घेतलं. चाचा आखातात जन्म काढून परतले आणि अर्धांगवायूने खाटेवर पडले. वाचा गेली, हातपाय गेले. डोळे तेवढे फिरत. मुलगा तिकडेच नोकरीला. त्याचं म्हणणं, अब्बांना आता कुणाचीच ओळख नाही, मुंबईला रुग्णांची देखभाल करतात तिथे ठेवू.

"ते मला वळखतात का न्हाय, येवढंच तुझ्या मशीनला विचार," चाची म्हणाली. "वळखत आसतील तर त्यांना हितनं हलवू द्यायची न्हाय मी."

माझं मशीन म्हणजे एक चष्मा. त्यातला एक कॅमेरा समोरची खोली टिपतो, बाकीचे डोळ्यांवर पाळत ठेवतात, आणि लॅपटॉपवर खोलीच्या चित्रात एक लाल ठिपका फिरतो. ठिपका जिथे, नजर तिथे. चाचीला धाक वाटू नये म्हणून आधी मीच तो चढवला, स्वतःच्या बोटाकडे बघून ठिपका जुळवून घेतला आणि ऐटीत खोलीभर नजर फिरवायला गेलो. ठिपका तिने पुढे ठेवलेल्या सांदणांच्या ताटलीवरून हटेना.

"खा रं, मशीन चुगली करतंय तुझी," चाची हसली.

मग चष्मा चाचांना घातला. चाची खाटेसमोरच्या बाकावर बसली.

ठिपका तिच्यावर आलाच नाही. तिच्या शेजारी, वीतभर अंतरावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर जाऊन थांबला. तिथे काही नव्हतं. मागच्या वाडीत पोफळीची झावळी धपकन पडली. आम्ही दोघं दचकलो. ठिपका नाही हलला.

"तिथं माझी सासू बसायची," चाची हलक्या आवाजात म्हणाली. "जाईपर्यंत. त्याच जागी."

मी शास्त्रज्ञ पडलो. घसा खाकरून 'मेंदूला इजा झाल्यावर असं होतं कधीकधी' असं काहीतरी बोललो. 

चाची पाणी आणायला उठली. ठिपकाही उठला. ती चालली तसा तिच्या बाजूने चालला, ती दाराशी थांबली तेव्हा थांबला. भर दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर सरसरून काटा आला. चाचीबरोबर कुणीतरी चालत होतं, आणि चाचा त्या कुणाला तरी डोळे भरून बघत होते.

चाचीने परत येऊन लॅपटॉपकडे पाहिलं. बसली नाही. "म्हंजे मला न्हाय," ती म्हणाली. "त्यांच्या अम्माला बघतात."

तिच्या त्या चेहऱ्याकडे बघताना मला एकदम आठवलं, पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच तासाला मी काय शिकवतो ते. प्रत्येकाचा डोळा वेगळा. माणूस बदलला की ठिपका नव्याने जुळवायचा. चाचांच्या नाकावर चष्मा होता, पण जुळवणी होती माझ्या डोळ्यांची. त्यांनी कुठेही बघितलं तरी ठिपका वीतभर बाजूलाच पडणार!

"चाची, मी गाढव आहे."

"ते म्हाईत हाय. पुढं बोल."

मी चाचांसमोर बोट धरलं. त्यांचे डोळे सावकाश बोटामागे आले. जुळलं. चाची बाकावर बसली आणि ठिपका थेट तिच्या चेहऱ्यावर गेला. ती खिडकीशी गेली, तो मागोमाग गेला. मुलाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. त्याने चाचीला एकदा दारापर्यंत चालायला लावलं. मग म्हणाला, "अम्मी, राहू दे अब्बांना घरीच."

तेव्हाच मी सांदणं संपवून उठायला हवं होतं.

फोन ठेवून चाची पुन्हा बाकावर बसली. ठिपका तिच्या चेहऱ्यावर होता. तिथून तो हळूच सरकला आणि शेजारच्या रिकाम्या जागी, डोक्याच्या उंचीवर, थांबला. मी घाईघाईने पुन्हा बोट धरलं, पुन्हा तपासलं. जुळवणी अगदी बरोबर होती. नजर भटकते, सगळ्यांचीच भटकते, यावर मी तास घेतो. तरी मी तिसऱ्यांदा बोट धरलं.

ठिपका पुन्हा तिकडे गेला, थोडा वेळ राहिला, आणि चाचीकडे परतला.

"माझ्याकडं आले ना परत?" तिने विचारलं.

"आले."

"मग बसू दे तिला पण," चाची म्हणाली, आणि बाकावर जराशी सरकून तिने जागा केली.