आतेबहिणीची जीभ

आमच्या आतेबहिणीइतकी चिकित्सक जीभ सबंध करवीर तालुक्यात दुसरी नाही, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देण्यास तयार आहे. आणि कचेरीसमोर टेबल मांडून सव्वीस वर्षे अर्ज लिहिणाऱ्या माणसाच्या सत्यप्रतिज्ञेला काही वजन असते. ती मूळची गडमुडशिंगीची. चटणी-मसाल्याच्या कारखान्यात पाकिटे भरण्यास लागली, पुढे सुपरवायझर झाली, आणि मग तेथेच उत्पादनप्रमुख झाली. तिने चाखून मान डोलावल्याशिवाय एकही पाकीट बंद होत नसे. या चढत्या वाटेवरील प्रत्येक अर्ज माझ्या हातचा. 'आपली आज्ञाधारक' हे शब्द मात्र ती दर वेळी खोडते आणि विचारते, "आज्ञाधारक कोण? मी?"

तिला जेवावयास बोलावणे म्हणजे घरावर तपासणी ओढवून घेणे. आमटीतले खोबरे जुने आहे, हे तिने एकदा आमच्या मंडळींना उंबऱ्यातूनच कळविले. शिरोळच्या एका लग्नात तिने आचाऱ्याला बाजूला घेऊन लवंगा कोणत्या दुकानातल्या म्हणून विचारले. तो सरकारी बाई समजून इतका घाबरला, की व्याह्यांच्या आधी हिचे ताट वाढले गेले. कारखान्यात तर तिचा दंडकच होता, की चटणी चमच्याने चाखायची नाही, भाकरीशीच खायची. त्यामुळे टाय लावलेले साहेब मीटिंगमध्ये भाकरी मोडत बसत. पुण्याहून आलेल्या एका साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "रडा, पन खरं सांगा."

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. तो उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. दोन महिने तिने कोणास पत्ता लागू दिला नाही, कारण त्याच सुमारास तिला संचालक करण्याचे घाटत होते. मग एके सकाळी ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली. आदल्या दिवशी तिने मान डोलावून पुढे धाडलेल्या चटणीला कुबट वास येत होता. तो हुपरीहून कामाला येणाऱ्या एका बाईने पाकिटे भरताना ओळखला, म्हणून माल अडला.

"दादा, लिव. माझी जीभ गेलीया. चाखायचं काम त्या बाईला द्या म्हणावं."

नेमणुकीचा कागद आधी हाती येऊ दे, असा व्यवहार्य सल्ला मी दिला. तुझ्या जिभेचे कोणाला कळते आहे, कागदाला काही वास नसतो, असेही समजावले.

"कागदाला नसतोय, पाकिटाला असतोय," ती म्हणाली. "लिव."

मी लिहिले. इतका छोटा अर्ज मी आयुष्यात लिहिलेला नाही.

कंपनीने चाखण्याचे काम काढून घेतले आणि संचालकपद दिले. पेढे आम्ही खाल्ले. तिने एक तोंडात टाकला आणि नुसताच गिळला.

परवा ती नव्या मिरचीची पहिली चटणी घेऊन आली. चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली आणि वास घेऊन सांगायला लावले.

"चांगली हाय," मी म्हणालो.

"चांगली म्हंजे कशी, दादा? लसूण फुडं येतोय का खोबरं?"

जन्मभर लोकांची गाऱ्हाणी शब्दांत बसविली, आता हा वास बसवायचा होता. मी डोळे मिटून पुन्हा वास घेतला. उघडले, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहत वाट बघत होती.